मशीनचा आकडा सोडा, सुतळी घ्या

भाऊ, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो, जिमच्या मशीनवर सोमवारी चरबी ३१ टक्के आणि गुरुवारी २७. खरं कोणतं, आणि वजन किती उतरवायचं, असं विचारलंत.

चार टक्के म्हणजे तुमच्या अंगावरची पावणेतीन किलो चरबी. तीन दिवसांत ती अशी जात असती तर जळगावात एक पोट दिसलं नसतं! ते मशीन चरबी मोजतच नाही. तळपायातून बारीकसा करंट सोडतं, त्यावरून अंगातलं पाणी ताडतं आणि बाकीचं सूत्रानं काढतं. पाणी कमी, की चरबी जास्त. मे महिन्यात भरदुपारी भुसावळहून घामाघूम येऊन मी तसाच त्यावर चढलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन टक्के 'उतरली'. त्यात नुसतं पायाचं मशीन असेल तर करंट एका पायातून चढतो, दुसऱ्यातून उतरतो, पोटाकडे फारसा फिरकत नाही. आपला सगळा माल तर पोटावरच.

बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, तुमचा २३.५. जागतिक तक्त्यात २५ च्या आत म्हणून नॉर्मल, पण आपल्याकडे २३ पासूनच जास्त धरतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के अन् युडकिनांची ९.१!

आता सुतळी. उंचीएवढी तोडा, दुमडून निम्मी करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता गुंडाळा. टोकं भेटली पाहिजेत. तुमचं निम्मं ८५ सेंमी. उंची न बघता नुसतं टेपने मोजलंत तर सरसकट पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमीच्या आत हवं. पॅन्टचा नंबर मात्र सांगू नका भो. मीही चौतीस-चौतीस करत फिरायचो, पट्टा पोटाखाली बांधून. बायकोने टेप लावली तर ९६ सेंमी! टेप हातात धरून हसत बसली ती.

वजन म्हणाल तर तुमच्या उंचीला ५४ ते ६६ किलो. म्हणजे दोनच किलो जास्त, त्यासाठी भरीत-भाकरी सोडायची गरज नाही, वरचं तेल आवरा. पण सुतळी अपुरी पडली तर आधी उपाशीपोटीची शुगर आणि बीपी बघून घ्या, आणि टोकं किती बोटं लांब राहिली ते इथे लिहा.