रविवारचं पाकीट

"मॅडम, आम्ही पोरांना कुठे नेतच नाही, मोठी झाल्यावर बोलून दाखवतील का हो?" मी कुटुंबांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला सुट्ट्या लागल्या की हमखास येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा आईच असते, बाबा शेजारच्या खुर्चीत मोबाईल उलटसुलट करत बसलेले असतात. ही जी केस सांगतेय (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत) त्यातही तसंच होतं. डोंबिवलीतलं कुटुंब, ती घरून डबे देते, तो दादरला एका दुकानात हिशेब बघतो, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा, आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात पण घरी थांबा म्हटलं की वाईट वाटतं.

तक्रार काय, तर दर महिन्याला एकदा मॉलमध्ये जातात आणि दर महिन्याला रिक्षातच भांडण होतं. तो म्हणाला, "अडीच हजार गेले मॅडम, आणि वर पोरगं रडतंच घरी आलं." मी म्हटलं बसा, लिहून काढू. तर गेम झोनचं कार्ड ६००, मग परत रिचार्ज ४००, पॉपकॉर्न-कोल्ड्रिंक ५५०, जेवण ७५०, रिक्षा जाऊनयेऊन २००. अडीच हजार बरोब्बर. त्याचं पाठ होतं ते सगळं, हिशेबाचाच माणूस. मग मुलीला आत बोलावून विचारलं की गेल्या वर्षात बाहेर जाऊन सगळ्यात मजा कधी आली गं, तर तिने मॉलचं नावच घेतलं नाही, म्हणाली आजीच्या गावाला एसटी बंद पडली होती तेव्हा, कारण सगळे रस्त्याच्या कडेला बसून कलिंगड खात होते आणि बाबा कुणाला फोन करत नव्हते.

बाबा जरा गप्प झाले. पण खरं सांगू का, हे ऐकून मीच जास्त हुरळून गेले आणि तिथेच माझी चूक झाली. लगेच म्हटलं कान्हेरीला जा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, १०९ लेणी, झाडं, खर्च कमी, मस्त. जागा मस्त आहेच, पण मी सल्ला नकाशा बघून दिला, त्यांचं घर बघून नाही. डोंबिवलीहून बोरिवली म्हणजे दादरला गाडी बदलणं, मग पार्कच्या गेटपासून लेणी आत सहा-सात किलोमीटर, बसची लाइन, एप्रिलचं ऊन. पोचेपर्यंत साडेबारा. माकडाने दशम्यांचा डबा पळवला. सासूबाई पायऱ्यांवर बसून राहिल्या. आणि येताना सेंट्रलला मेगाब्लॉक (रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात तो), दादरला चाळीस मिनिटं गर्दीत उभं राहून मुलगा झोपला तो बाबांच्या खांद्यावर. पुढच्या वेळी ती आली ती दारातूनच म्हणाली, "मॅडम, मॉल बरा होता, निदान एसी असतो."

माझं चुकलं म्हटलं. सरळ.

मग नीट बोललो. माझ्या अनुभवात भांडण पैशावरून सुरू होतं पण त्याचं मूळ बहुतेक वेळा दोन गोष्टींत असतं, किती खर्च करायचा हे कुणी आधी ठरवलेलं नसतं आणि घरी कधी परतायचं हेही नसतं. मग मुलगा काहीतरी मागतो, बाप नाही म्हणतो, आईला चारचौघांत लाज वाटते म्हणून ती हो म्हणते, आणि मुलाला कळतं की नाही म्हणजे अजून थोडं रडलं की हो. यात मुलाची काय चूक, त्याला आपणच शिकवलं ते.

म्हणून पाकीट. लग्नाच्या आहेराचं असतं ना तसंच, घरात पडलेलं. त्यात ३०० रुपये, आणि ते सांभाळणार ती ११ वर्षांची मुलगी. तिकीट, रिक्षा, खाऊ सगळं त्यातून, संपलं की संपलं, एटीएम नाही, बाबांचं जीपे नाही. उरले तर पुढच्या वेळेला. तो म्हणाला तीनशेत काय होतंय, मी म्हटलं सीएसटीच्या दिशेचा विचारच सोडा, उलटं जा.

अंबरनाथ. डोंबिवलीहून पाचवं स्टेशन, पाच माणसांचं जाऊनयेऊन लोकलचं तिकीट शंभरच्या आत, रविवारी सकाळी कर्जत-बदलापूर बाजूला त्या मानाने बसायला जागा, आणि ब्लॉक सहसा दहा-अकराच्या पुढे सुरू होतो तोवर घरी यायचं. शिवमंदिर इ.स. १०६० चं, शिलाहार राजांच्या काळातलं, बघायला तिकीट नाही. फक्त महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी पोरांना घेऊन जाऊ नका, मुंगीला जागा नसते. डबा घरचा, पाण्याच्या बाटल्या दोन, आणि साडेदहाला परतीची गाडी, कितीही मजा येत असली तरी. हे शेवटचं त्यांना पटत नव्हतं. पण लहान मुलाची कुरकुर भूक आणि झोप यांतूनच येते हो, मजा चालू असताना निघालं की पुढच्या वेळी तोच चप्पल घालून दारात उभा राहतो.

तर ते गेले. नंतर तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं. भिंतीवर खालच्या बाजूला दगडात हत्तींची रांग आहे, मुलगा ते मोजत सुटला, आजी सभामंडपाशी बसून त्याला आकडा विचारत होती आणि तो दर वेळी वेगळा सांगत होता. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथे तो घाबरून बापाचा हात धरून उतरला आणि वर बघतो तर आभाळ, कारण गाभाऱ्यावरचं शिखर आता नाहीये. "बाबा, देवाला पाऊस लागतो का?" बाप म्हणाला लागत असेल. एवढंच. पण घरी आल्यावर ते त्याने आजीला परत परत सांगितलं म्हणे. बाहेर मुलाने फुगा मागितला, तर ताईने पाकीट उघडून त्यालाच दाखवलं, फुगा घेतला तर गोळा नाही. तो दोन मिनिटं रडला आणि मग गोळा म्हणाला. आईबापाला मध्ये पडावंच लागलं नाही! पाकिटात ३५ रुपये उरले.

सगळं गोडगोड झालं असं नाही हां. नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे की रविवारी एकच दिवस झोपायला मिळतो, आणि ते खोटं नाहीये, म्हणून महिन्यात एकच रविवार ठरवलाय, बाकीचे त्याचे. मॉलही अधूनमधून होतो, पण खाऊन जातात. राणीची बाग पुढच्या यादीत आहे, पेंग्विन बघायचेत, तिथे आईबाप आणि दोन मुलांचं मिळून १०० रुपये तिकीट होतं आम्ही बोललो तेव्हा, आजीचं वेगळं, आणि बुधवारी बंद असते हे मी दोनदा सांगितलंय. धारावी-माहीमचं निसर्ग उद्यानही सांगितलं, पूर्वी तिथे कचऱ्याचा डोंगर होता हे ऐकून मुलीला जास्त इंटरेस्ट वाटला.

मध्ये फ्लेमिंगोंचा विषय निघाला होता, नेरूळला (ठाण्याहून ट्रान्सहार्बर लाइनने जायचं) टी एस चाणक्य या जहाजाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजच्या मागे खाडीत येतात ते, हिवाळा ते मे. मी काही आग्रह केला नव्हता. तर मागच्या शनिवारी रात्री साडेनऊला मेसेज, तिचा नाही, त्याचा. "मॅडम उद्या ट्रान्सहार्बरला ब्लॉक आहे का?" मी लिहिलं, मला काय माहीत हो, लोकलचं ते एम-इंडिकेटर ॲप बघा.