पत्र्याच्या शेडमधले कोळी आणि विंचू: फवारणी सगळ्यात शेवटी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बडोद्यात मांजलपूरला बंगल्याच्या मागे सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची शेड, आत विटांचा ढीग, बंद पडलेली लूना, रद्दी, खोकी, मोडकी खाट आणि मुलाची सायकल पण तिथेच. त्यात तुम्हाला काळा चकचकीत कोळी दिसला, पोटावर लाल काहीतरी होतं, सासऱ्यांना विटेखाली विंचू दिसला, वर ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅक नावाच्या विषारी कोळ्याचे व्हिडिओ बघून झोप उडालीय. शेजारचे म्हणतात फिनाइल आणि रॉकेल मारा आणि तुम्ही विचारताय कुठला स्प्रे आणू.

स्प्रेचं शेवटी सांगतो कारण त्याचा नंबर शेवटीच लागतो. आमची बरीच वर्षं लाकडाची वखार होती त्यामुळे या सगळ्या मंडळींशी रोजचा संबंध, कोळी काय, गोम काय, विंचू काय, उधई म्हणजे वाळवी तर विचारूच नका.

आधी त्या व्हिडिओंचं. रेडबॅक ऑस्ट्रेलियात खरंच शेडमध्ये, रिकाम्या कुंड्यांत, बाहेरच्या संडासात राहतो, मादीच्या पाठीवर लाल पट्टा असतो, आणि त्याच्यावरचं अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, तिथे १९५६ पासून मिळतं. त्यांच्याकडचा दुसरा, फनेल-वेब, त्याहून जहाल, त्याचं औषध १९८१ मध्ये आलं. अमेरिकेत ब्लॅक विडो आणि ब्राउन रेक्लूस. ते लोक शेडमध्ये शिरताना कोळ्याला घाबरतात ते बरोबरच आहे. पण बडोद्याच्या शेडमध्ये माझ्या भीतीच्या यादीत पहिला लाल विंचू, दुसरी मण्यार, आणि कोळी फार खाली. विडोच्या जातभाईंची नोंद भारतात पण आहे त्यामुळे तुम्ही बघितलात तो त्यातला नसेलच असं म्हणत नाही, पण मुलाला शेडमधून काही झालंच तर ते विंचवाने होण्याची शक्यता जास्त, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

ओळखायचं कसं? विडोची मादी वाटाण्याएवढ्या गोल पोटाची, चकचकीत, जाळ्यात उलटी लटकलेली, आणि पोटाच्या खालच्या बाजूला लाल किंवा नारिंगी खूण, डमरूसारखी. जाळं गोल सुबक नसतं, जमिनीलगत, कोपऱ्यात, विस्कटलेलं, आणि काडीने तोडलं तर धागा चिवट लागतो, तुटताना बारीक चर्र असा आवाज येतो. विडोमधलीच एक तपकिरी जात आहे, तिच्या अंड्यांच्या गोळीवर बारीक काट्यांसारखे टोक असतात, ते एकदा बघितलं की विसरत नाही. याउलट भिंतीवर तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी जो दिवा लावला की आडवा सुर्रकन पळतो, मादी असेल तर पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरते, तो झुरळं खातो, जाळं पण करत नाही. दिसायला भयंकर, पण आमच्या वखारीत त्याला कोणी मारत नसे. लांब काड्यांच्या पायांचा, हात लावला की जाळ्यात थरथरणारा, तो तर बिचारा नुसता कचरा करतो.

विडो चावलाच तर जागा साबणाने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून ठेवा आणि दवाखान्यात जा. घट्ट पट्टी बांधायची नाही, त्याने दुखणं वाढतं. घट्ट पट्टीचा जो व्हिडिओ फिरतो तो फनेल-वेबसाठीचा आहे, रेडबॅकसाठी तिथेही बांधत नाहीत. घाम, पोटात पेटके, अंग ताठरणं असं झालं तर थांबू नका, आणि मूल असेल तर कसलीच वाट बघू नका.

आता विंचू. ढोबळ नियम असा की ज्याच्या नांग्या जाड आणि शेपूट बारीक तो मोठा काळा विंचू दिसायला राक्षस पण विषाने त्यामानाने मवाळ, आणि ज्याच्या नांग्या बारीक, शेपूट जाड, रंग तांबूस तो छोटा लाल विंचू खरा वाईट. जगातल्या सगळ्यात घातक विंचवांत त्याची गणना होते आणि तो महाराष्ट्रात आहे तसा गुजरातमध्ये पण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवलं, रक्तदाबाची प्राझोसिन नावाची गोळी यात जीव वाचवते हे त्यांनी दाखवून दिलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. पण म्हणून ती गोळी घरात आणून ठेवू नका हां, ती डॉक्टरांनी द्यायची. तुमचं काम एवढंच की मुलाला डंख झाला आणि दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, छाती धडधडणं, श्वास लागणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन किंवा सरळ गाडीत घालून सयाजी हॉस्पिटल. विंचू उतरवणारा, चिंचोका घासणं, ब्लेडने चीर, हे सगळं बाजूला.

शोधायचा कसा, तर ही माझी आवडती गोष्ट आहे. एक यूव्ही टॉर्च घ्या, ऑनलाइन सहज मिळते, ३९५ नॅनोमीटर लिहिलेली चालते. अमावास्येच्या आसपास, नऊ-दहा वाजता, बूट घालून शेडच्या दारात उभे राहा आणि प्रकाश विटांवरून फिरवा. विंचू हिरवा-निळा चमकतो, घड्याळातल्या रेडियमच्या काट्यासारखा, आणि दिवसा ज्या ढिगात काहीच नाही असं वाटलं होतं तिथे तो सापडतो. फक्त नुकती कात टाकलेला नीट चमकत नाही, आणि फटीत आत बसलेला दिसणारच नाही, त्यामुळे दिसला नाही म्हणजे नाहीच असं समजू नका. लांब चिमट्याने धरून झाकणाच्या बरणीत टाका. मादीच्या पाठीवर पिल्लं असतात, विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात ना ते अगदी खरं, तिच्यावर चप्पल हाणली की पिल्लं सगळीकडे पसरतात आणि मग तुम्ही एकाच्या जागी पंधरांना शोधत बसता.

सफाई. दिवस निवडा, पहिल्या पावसाच्या आधी, उन्हात, सकाळी आठच्या सुमारास सुरू करा कारण मे मध्ये पत्र्याखाली दुपारी उभं राहणं शक्य नाही. सासऱ्यांना खुर्चीवर बसवून ठेवा बाहेर, सूचना द्यायला, मुलाला घरात. गमबूट, वेल्डरचे चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. लांब काठीच्या जाळ्या काढायच्या झाडूने आधी छत, मग भिंती, आणि अंड्यांच्या गोळ्या दिसल्या की त्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत, नुसत्या झाडून बाहेर टाकल्या तर तुम्ही फक्त पत्ता बदललात.

मग सामान दारापासून आतपर्यंत एकेक काढायचं. फळी, पत्रा, विटेचा थर उचलताना हात खाली घालायचा नाही, फावड्याने किंवा लोखंडी हुकने पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे फळीच आपल्या आणि आतल्या प्राण्याच्या मध्ये राहते आणि त्याला पळायला पलीकडे जागा मोकळी. घाईत लोक बरोबर उलटं करतात, आपल्याकडची कड उचलतात आणि पाय तिथेच असतो. लूनाची सीट, खाटेच्या नवारीचे पट्टे, सायकलच्या हँडलचा पाइप हे पण उन्हात ठेवून आपटा. मुलाची सायकल तर आजच बाहेर काढा, सफाईची वाट न बघता.

साप दिसला तर काठी घेऊन मागे लागू नका. मण्यार असेल तर ती रात्रीची फिरते, चावलेलं अनेकदा कळत पण नाही, सकाळी पोट दुखतंय म्हणतात आणि पापण्या खाली येतात. जमिनीवर झोपणारा कोणी असेल घरात, कामवाल्या मावशींचा मुलगा वगैरे, तर त्याला खाट आणि मच्छरदाणी द्या, खाली कडा खोचून. साप असेल तर सगळ्यांनी मागे सरा, लांबून लक्ष ठेवा आणि वनखात्याला किंवा शहरातल्या सर्पमित्रांना फोन करा, बडोद्यात ते मगरी पण पकडतात, तुमचा साप त्यांना किरकोळ. मारणं गुन्हा पण आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. आणि चुन्याची रेघ, फिनाइल, डांबरगोळ्या, लसूण, याने साप थांबत नाही, तो थांबतो उंदीर नसले की.

म्हणजे उंदीर हा खरा विषय आहे. शेडच्या मागच्या कोपऱ्यात मातीचे ताजे ढीग आणि मोठी बिळं असतील तर ती घूस आहे. तिचं बीळ म्हणजे सापाला आयती खोली. काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा, पण आधी दोन दिवस नुसत्या मातीने बुजवून बघा, उकरलं तर आत कोणीतरी आहे. पत्रा आणि भिंतीच्या मधल्या लाटांची फट असते तिथे बारीक जाळी, दाराखाली रबरी पट्टी, कारण छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पण शिरतो. विषारी पेस्ट मुळीच आणू नका, विशेषतः पिवळ्या फॉस्फरसची. मुलाने बोट लावून तोंडात घातलं तर यकृत जातं आणि त्याच्यावर उतारा नाही. पिंजरा किंवा चाप बरा, शेंगदाण्याचा कूट लावून भिंतीला चिकटून ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. गोंदाच्या ट्रेमध्ये पाल आणि साप पण अडकतात, तो ताप आणखी वेगळा.

शेड रिकामी झाली की भिंतीला चुना. पांढऱ्या भिंतीवर विंचू दिसतो, मळकट भिंतीवर दिसत नाही. पैसे असतील तर खालच्या बाजूला वीतभर गुळगुळीत ग्लेझ्ड टाइल्सची पट्टी लावा, आतून-बाहेरून दोन्हीकडे, विंचवाला त्याच्यावर चढता येत नाही. उंबरठ्याला पण तशीच. सामान परत ठेवताना रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी भंगारवाल्याला, त्यांच्या घड्यांत झुरळं अंडी घालतात, त्यांना खायला कोळी येतात. बाकीचं झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत, लोखंडी रॅकवर, रॅक भिंतीपासून हातभर लांब आणि पहिला कप्पा जमिनीपासून वर. विटा लागणार नसतील तर देऊन टाका, लागणार असतील तर शेडपासून लांब, उन्हात.

बाहेरचा दिवा बघा. शेडच्या दारावरच पांढरा एलईडी आहे ना? त्याच्याभोवती रोज रात्री किडे जमतात आणि कोळी म्हणतो घरबसल्या जेवण. पिवळसर दिवा लावा आणि तो दारापासून दूर, समोरच्या भिंतीवर, प्रकाश शेडकडे पडेल असा. खर्च काहीच नाही, आणि फरक आठवड्याभरात जाळ्यांवर कळतो.

आता स्प्रे. कोळी पायाच्या टोकांवर चालतो, झुरळासारखा अंग चाटत बसत नाही, त्यामुळे भिंतीवर वाळलेल्या औषधाचा त्याला फारसा फरक पडत नाही, थेट अंगावर पडलं तरच मरतो. सफाई करून फट-कोपऱ्यात डेल्टामेथ्रिनसारखं घरगुती औषध मारलं तर ते त्याच्या जेवणावर म्हणजे किड्यांवर काम करतं, तेवढाच उपयोग. मांजर असेल घरात किंवा मासे पाळले असतील तर त्यांना ही औषधं चालत नाहीत, वाळेपर्यंत मांजर आत कोंडा, टाकी झाका आणि हवेचा पंप बंद करा. झुरळांना जेलचे बारीक ठिपके, आणि जिथे जेल तिथे वरून स्प्रे नाही, नाहीतर झुरळ जेलजवळ फिरकत नाही. शेतावरून कोणी कापसाचं औषध आणून देईल, घेऊ नका, आणि कुठलंही औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. रॉकेलबद्दल एकच, तापलेल्या पत्र्याची शेड, खाली रद्दी आणि वर रॉकेल, कोळी मरेल पण शेडसकट. उधई लाकडावर मातीच्या नळ्यांसारखी दिसली तर त्यावर वरवरचा स्प्रे वाया जातो, माणूस बोलावून पायाशी भोकं पाडून औषध भरून घ्या. गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर अंधार पडल्यावर जाणकारच काढेल, तुम्ही शिडीवर चढू नका.

पावसाचं वेगळं सांगतो कारण तुम्ही विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही आहात. आजवा धरणातून पाणी सुटलं की नदी भरते, २०१९ आणि २०२४ चे दिवस सगळ्यांना आठवत असतील. पाणी चढतं तेव्हा विंचू, साप, घूस सगळे कोरडी उंच जागा शोधतात आणि ती तुमची शेड असते, रॅकचा वरचा कप्पा, खाटेची नवार, लूनाची सीट. पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा आत जाताना काठीने आपटत आणि टॉर्च घेऊन जा, दिवसा सुद्धा. उंदराची लेंडी असेल तर कोरडी झाडू नका, ब्लीचिंगच्या पाण्याने ओली करून मग काढा. चिखलात अनवाणी नको, पायाला जखम असेल तर अजिबात नको, उंदराच्या मुतातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो आणि सुरत-वलसाडकडे पावसात तो दरवर्षी ऐकू येतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.