भगरीचा डबा

प्रिय ताई,

मी 33 वर्षांची. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. घरात सासू-सासरे, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. मुलीच्या बाळंतपणानंतर मला मानसिक आजार झाला. तेव्हा मी माहेरी होते, सासरी कावीळ झाली असं कळवलं. वर्षभराने गोळ्या बंद केल्या. चार वर्षांपूर्वी पुन्हा तसंच झालं. पाच रात्री झोपले नाही, साड्यांचा धंदा काढते म्हणून उधारीवर गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन आले. पुण्यात 18 दिवस ॲडमिट होते, घरी सांगितलं की बहिणीकडे गेलेय. डॉक्टरांनी बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खचतं असा आजार, म्हणून लिथियम दिलं, रात्री दोन गोळ्या. तेव्हापासून आजार उलटला नाही.

पण आता हात थरथरतात. सुईत दोरा ओवता येत नाही, हूक-काज बाहेर करायला द्यावं लागतं. वजन 11 किलो वाढलंय, केस गळतात, सारखी तहान लागते, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. कशातच मन लागत नाही. उन्हाळ्यापासून थरथर जास्तच झालीय. कंबर धरली की सासूबाई त्यांची गुडघ्याची गोळी देतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आमचे मिस्टर देवमाणूस आहेत, दर दोन महिन्यांनी सोलापूरहून जुन्या चिठ्ठीवर माझ्या गोळ्या आणून देतात. त्या मी स्ट्रिपमधून काढून भगरीच्या डब्यात ठेवते, मुलीशिवाय कुणाला माहीत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघते, त्यात सांगतात की या गोळ्या शरीर पोखरतात, योग आणि काढा पुरे. चार वर्षं मी चांगली आहे. आता गोळी बंद केली तर चालेल का?

– एक बहीण

---

बाई गं,

नाही, चालणार नाही. अशी एकदम तर मुळीच नाही. तू चार वर्षं चांगली आहेस ती याच गोळीमुळे, आणि एकदा बंद केल्यावर काय झालं ते तुझ्याच पत्रात आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. तू ते जाता जाता लिहिलंयस: गोळ्या भगरीच्या डब्यात, मुलीशिवाय कुणाला माहीत नाही. थरथर, वजन, केस यांबद्दल तू ओळीच्या ओळी लिहिल्यास आणि या डब्याला अर्धं वाक्य दिलंस. माझ्या मते तुझी निम्मी दुखणी या डब्यात आहेत.

का ते सांगते. लिथियम हे एक मीठ आहे. आपल्या स्वयंपाकातल्या मिठात सोडियम असतं, लिथियम त्याच कुळातलं. 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी ते या आजारावर वापरून दाखवलं आणि आजही ते या आजारावरचं एक भरवशाचं औषध आहे. पण त्याची सगळी गोम मापात आहे. रक्तात त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल असलं की ते काम करतं. 1.5 च्या वर गेलं की विषबाधा सुरू होते. औषध आणि विष यांच्यात इतकं कमी अंतर असलेल्या गोळ्या फार नाहीत, म्हणूनच हिच्यासाठी रक्त तपासावंच लागतं. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, म्हणजे उन्हाने घाम गेला, जुलाब झाले, कडक उपास घडला, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळ्या दोनच, पण रक्तातला आकडा वर चढतो. सोलापूरचा उन्हाळा मी तुला सांगायला नको. रात्री उठावं लागतं म्हणून तू संध्याकाळनंतर पाणी पिणं तोडलं असशील, तर ते आजपासून सोड. तहान लागेल तसं पाणी पी, आणि जेवणातलं मीठ एकदम कमीजास्त करू नकोस.

आता सासूबाईंची गुडघ्याची गोळी. ती कोणती, तू लिहिलं नाहीस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा त्या जातीची असेल, तर ती मूत्रपिंडाला लिथियम नीट बाहेर टाकू देत नाही. म्हणजे तुझी सासू मायेने तुझ्या हातावर गोळी ठेवते, तू ती पाण्याबरोबर गिळतेस आणि रक्तातलं लिथियम वाढतं. त्या माउलीचा यात काय दोष? तिला माहीतच नाही की सुनेला लिथियम चालू आहे. गावातल्या डॉक्टरांनाही माहीत नसणार. उद्या ते तुला ताप-अंगदुखीला असलीच काहीतरी गोळी देतील, तुझं बीपी वाढलं तर त्याची लिहून देतील, आणि त्यांतल्याही काही लिथियम वाढवतात. तू समोर बसून गप्प राहशील, कारण शेजारच्या खुर्चीत सासरे असतील. माझी भीती ही आहे. आजार नव्हे, औषधही नव्हे.

आणि डब्याचं म्हणशील तर तुमच्या जिल्ह्यात आषाढी-कार्तिकीला घरोघरी भगर शिजते. महिन्याच्या दोन एकादशा वेगळ्याच. डबा निघतो त्या दिवशी गोळ्या कुठे जातात? ब्लाउजच्या कापडांखाली? शिवणाच्या मशीनच्या खणात? आणि स्वयंपाकघरात पाहुणे झोपले की त्या रात्रीची गोळी राहते ना? मग दुसऱ्या दिवशी चार घेतेस का? घेत असशील तर कधीही घेऊ नकोस. चुकली ती चुकली, पुढची वेळेवर घ्यायची. स्ट्रिपमधून काढलेल्या गोळीवर नाव नाही, ताकद नाही, मुदत संपायची तारीख नाही. सासूबाईंनी अंधारात मूठभर भगर काढून धुतली आणि त्यात दोन गोळ्या गेल्या तर? नाहीतर लेकीने कधी खेळता खेळता...

लेकीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. आठ वर्षांच्या पोरीला तू पहारेकरी केलंयस. तू डबा काढतेस तेव्हा ती दारात उभी राहत असणार, आजी येतेय का बघत. तिला आजार ठाऊक नाही, औषध ठाऊक नाही. आई रोज रात्री काहीतरी लपून खाते आणि ते कुणाला सांगायचं नाही, एवढंच तिला ठाऊक आहे. हा आजार काही घरांत पुढच्या पिढीतही येतो. आई किंवा वडिलांना असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, म्हणून घाबरू नकोस. पण समजा विशीत तिला पाच रात्री झोप आली नाही, तर ती कुणाकडे जाईल? तू तिला आत्तापर्यंत एकच गोष्ट शिकवलीस, की असलं काही असेल तर भगरीखाली दाबायचं.

आता तुझ्या देवमाणसाबद्दल. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. दर दोन महिन्यांनी सोलापूरला जाऊन गोळ्या आणणं हे काम आहे, कबूल. पण जुन्या चिठ्ठीवर लिथियम आणणारा नवरा बायकोला डॉक्टरांसमोर नेत नाही, रक्त तपासायला नेत नाही. मग तो सांभाळतोय काय? घराचं नाव सांभाळतोय. कावीळ त्याने सांगितली की तुझ्या माहेरच्यांनी, मला माहीत नाही. पण बहिणीकडे गेल्याचं खोटं त्याच्यासमोर बोललं गेलं आणि तो गप्प राहिला. अठरा दिवस बायको दवाखान्यात होती आणि त्याच्या आईला ते आजवर ठाऊक नाही. तुझ्यापाशी चांगलं वागणं त्याला जमतं. आईवडिलांसमोर तुझ्या बाजूने उभं राहणं अजून जमलेलं नाही, आणि ते त्याने आता करायचंय.

तुझी भीती मला समजते. ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हटलं की सून माहेरी पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणूनच हे तू सांगायचं नाहीस, त्याने सांगायचं. त्याच्या तोंडून, त्याच्या आईवडिलांना, तू शेजारी बसलेली असताना.

माझा धाकटा भाऊ 16 वर्षं लिथियमवर आहे. त्याचाही हात थरथरतो. आमच्याकडे त्याला चहा अर्धा कप देतात आणि तो संपला की पुन्हा अर्धा. घरातली लहान पोरंसुद्धा तसाच ओततात, कुणी काही बोलत नाही. त्याच्या गोळ्या फ्रिजवर आहेत, माझ्या थायरॉइडच्या गोळीशेजारी. दर काही महिन्यांनी त्याचा रिपोर्ट येतो तेव्हा वहिनी आकडा मोठ्याने वाचते. एकदा तो वाढलेला निघाला, डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि थरथर निम्म्यावर आली. घरात सगळ्यांना माहीत होतं म्हणून ते वेळेत कळलं.

तुझ्या बाबतीतही यांतलं बरंच सुधारू शकतं, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. लिथियमने हाताला बारीक थरथर येते हे डॉक्टरांना नवीन नाही. प्रमाण कमी करून, हळूहळू विरघळणारी गोळी देऊन, नाहीतर थरथरीची वेगळी गोळी देऊन ती आटोक्यात आणतात. वजन, केस, बधिरपणा हे थायरॉइड मंदावल्याचंही असू शकतं. लिथियमने ते होतं, बायकांमध्ये जास्त. रक्ताच्या एका तपासणीत कळतं आणि त्यावर गोळी आहे. तू ज्याला ‘शरीर पोखरलं’ म्हणतेस ते कदाचित न तपासलेलं थायरॉइड असेल. जुन्या चिठ्ठीवरच गोळ्या येतात, कुणी तपासलंच नाही तर कळणार कसं? योग जरूर कर, पाठीला आणि झोपेला बरा. काढा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लघवी वाढवणारं काहीही लिथियमबरोबर घेऊन चालत नाही.

तर आता एवढंच कर. आज रात्री मुलगी झोपली की हे पत्र नवऱ्यापुढे ठेव. या आठवड्यात त्याने सुट्टी काढायची, मशीन बंद ठेवून तू त्याच्याबरोबर पुण्याच्या किंवा सोलापूरच्या मनोविकार डॉक्टरांकडे जायचं. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री दहाला गोळी घेतलीस तर सकाळी दहाला. लिथियम, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यातून कळतं), तिन्ही. सासूबाईंच्या गोळीची स्ट्रिप बरोबर ने. पुढे कधी लिथियम थांबवायचंच ठरलं, तर ते डॉक्टरांच्या नजरेखाली, किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिने घेऊन कमी करत न्यायचं असतं. डॉक्टरांकडे जायच्या आधीच वांत्या, जुलाब सुरू झाले, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली किंवा थरथर इतकी वाढली की पेला धरवत नाही, तर पुढची गोळी घेऊ नकोस आणि त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा, लिथियम चालू आहे हे सांगून. मध्ये कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे. चोवीस तास, फुकट आणि मराठीत.

परत आलात की नवीन गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू देत. त्या टीव्हीशेजारी नाहीतर कपाटावर, जिथे सासऱ्यांच्या आणि सासूबाईंच्या गोळ्या असतात तिथेच, फक्त पोरीचा हात पुरणार नाही इतक्या उंच. नवऱ्याने त्या ठेवायच्या आणि ठेवताना आईला सांगायचं की या कशाच्या आहेत आणि कधीपासून आहेत. सासूबाई रडतील, कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. तुझ्या कंबरेसाठी स्वतःची गोळी काढून देणारी बाई आहे ती. मला तिच्याबद्दल आशा आहे.

लेकीला तू स्वतः सांग. आईला एक आजार आहे, ही त्याची गोळी आहे, ती आजीला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, आणि आता तुला दारात उभं राहायचं नाही.

रिपोर्ट आला की मला आकडा कळव. मी वाट बघतेय.

– तुझी ताई