खांद्याचा स्नायू फाटलाय हे एमआरआय न काढता कळतं का?

बऱ्याचदा अंदाज येतो, आणि चांगला येतो. रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या सांध्याला वेढणारे चार स्नायू. त्यांतल्या सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) सर्वांत जास्त वेळा फाटतो.

डॉक्टर आधी एकच गोष्ट पाहतात: हात तुम्ही स्वतः उचलता तेव्हा किती जातो आणि त्यांनी उचलला तर किती जातो. स्वतःहून जात नाही, पण दुसऱ्याने उचलल्यावर सहज वर जातो, तर कंडरा फाटल्याची शंका येते. दोन्ही वेळा अडकत असेल तर बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं. (या दोघांची गल्लत फार होते.) हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच दुखणं, किंवा वर धरून दिलेला हात सावकाश खाली न येता धपकन पडणं, याही खुणा. मात्र कुठलीही एक चाचणी पुरेशी नसते. दोन-तीन जुळल्या की वजन येतं.

एक्स-रेत कंडरा दिसत नाही, हाडाची झीज किंवा फ्रॅक्चर दिसतं. सोनोग्राफी स्वस्त, हात हलवत करता येते, पण करणाऱ्याचा हात सराईत हवा. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय हवाच: कंडरा किती मागे ओढला गेलाय, स्नायूत चरबी भरलीय का, हे त्यात नीट कळतं.

साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या खांद्यातही फाटलेला कंडरा सापडतो. त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नका. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.