दोन फ्लॅट की तीन? आधी मालक किती ते मोजा

त्रिमूर्तीनगरच्या एका 54 वर्षांच्या वाचकांचे पत्र आहे. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या 3,000 चौरस फुटांच्या प्लॉटवरचे बैठे घर पाडून बिल्डर सहा फ्लॅटची स्कीम करणार आहे. मोबदला म्हणून दोन फ्लॅट आणि 45 लाख रोख घ्यावेत की तीन फ्लॅट, असा त्यांचा प्रश्न आहे. रोख मिळाल्यास ती बँकेतल्या अधिकाऱ्याने सुचवलेल्या ‘हमखास’ पॉलिसीत घालायची आहे. शेवटी दोन ओळी आहेत: “वडील 2019 मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. आईला यातले काही कळत नाही आणि बहीण अमरावतीला सुखात आहे.”

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. तुमच्याच अंदाजाने तिसरा फ्लॅट 60 लाखांचा आणि भाडे महिना 14 हजार, म्हणजे मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा जाता वर्षाला दीड लाखाच्या आत. अडीच टक्केसुद्धा सुटत नाहीत. त्यापेक्षा रोख बरी, मात्र ती घर पाडण्याआधी मिळाली पाहिजे. टीडीएस 10 टक्के कापला जाईल, तेव्हा हातात 40.5 लाख धरा.

पण हे सगळे तुमचे आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे आणि मला काळजी वाटते ती याची. पत्रासोबतच्या कराराच्या मसुद्यात पहिल्याच पानावर ‘मालक’ या शब्दाखाली एकट्या तुमचे नाव आहे. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण यांचा त्या घरात सारखा, एक तृतीयांश वाटा आहे आणि बहिणीच्या लग्नात केलेल्या खर्चाने तिचा वाटा फिटत नाही. दोन फ्लॅटचे 120 लाख आणि रोख 45 मिळून 165 लाख होतात. त्यातले तुमचे 55. उद्या फ्लॅट घेणाऱ्याच्या गृहकर्जासाठी बँकेचा वकील 30 वर्षांच्या मालकी नोंदींचा शोध अहवाल काढेल तेव्हा ही दोन नावे वर येतील, आणि बहिणीने वाटणीचा दावा लावून मनाई हुकूम आणला, तर अर्धवट स्लॅबखाली तुमची आई भाड्याच्या घरात अडकलेली असेल.

बहिणीला खरोखर काही नको असेल, तर तिने स्वतःच्या वकिलाला विचारून नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. आईने मात्र आपला हक्क मुळीच सोडू नये. एक फ्लॅट तिच्या एकटीच्या नावाने करारात लिहून घ्या आणि बांधकाम संपेपर्यंतचे घरभाडे आगाऊ घ्या. 500 चौरस मीटरच्या आतला प्लॉट आणि आठच्या आत फ्लॅट, म्हणून या स्कीमला महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधनही बिल्डरवर येत नाही. त्यामुळे फ्लॅट विकण्याचे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र आत्ताच त्याच्या हाती देऊ नका. नकाशा मंजुरीपुरते द्या.

पॉलिसी घेऊ नका. दरवर्षी 4.5 लाख याप्रमाणे दहा वर्षे भरून पंधराव्या वर्षाअखेर 72 लाख, म्हणजे साडेचार टक्के! ज्या बँकेत मुदत ठेव याहून जास्त देते, तिथल्याच माणसाने हे तुमच्या गळ्यात मारावे, याचा मला संताप येतो.

या रविवारी अमरावतीला जा आणि मसुदा बहिणीच्या हातात द्या; फोनवर विचारू नका. घरी आल्यावर तोच मसुदा आईला सावकाश वाचून दाखवा. तोपर्यंत बिल्डरकडून टोकन घेऊ नका आणि घेतले असेल, तर परत करा.