वाचक विचारतात : कोटणीसांचं घर, मुलं आणि जुने कागद

प्रश्न : सातवीची ४० मुलं सोलापुरात भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक पाहायला न्यायची आहेत. मागे अशाच एका जुन्या घरातल्या संग्रहालयातून मुलं दहा मिनिटांत बाहेर आली. काय करावं?
– एक शिक्षिका, अक्कलकोट

उत्तर : राहत्या घराची खोली दहा-बारा मुलांत भरते, मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. निम्मी मुलं भुईकोट किल्ल्यात पाठवा, नंतर अदलाबदल. स्मारकातही दहा-दहा जणच आत सोडा. स्मारक महापालिकेचं आहे. तारीख आणि संख्या कळवून वेळ आधी पक्की करा.

सनावळी शाळेतच उरका. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापुरात, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये अटल, चोळकर, बसू, मुखर्जी या डॉक्टरांबरोबर, जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला. मृत्यू ९ डिसेंबर १९४२, वय अवघं ३२. डॉक्टर लढाईत गोळी लागून गेले असं मुलांना वाटतं. ते गेले अपस्माराच्या झटक्यांनी. हे आधीच सांगा.

प्रश्नपत्रिका मात्र देऊ नका, मुलं फलक उतरवून मोकळी होतात. प्रत्येकाने एकच फोटो निवडावा नि लिहावं : कोण, कुठे, कधी, आणि फलकावर नसलेली पण फोटोत दिसणारी एक गोष्ट. त्या शेवटच्यासाठीच मुलं थांबतात.

काचेतल्या फोटोचा फोटो घेताना फ्लॅश बंद ठेवा, जरा बाजूला सरका. पाठीमागे खिडकी असली की काचेत तीच उमटते. पांढरा शर्टही.

प्रश्न : आजोबांची सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी अमलाच्या) काळातली पत्रं नि फोटो संग्रहालयाला द्यायचे आहेत. लॅमिनेट करून देऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नको. उष्णतेने वितळलेला गोंद कागदाला कायमचा धरतो. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडते, सुटते आणि डाग मागे ठेवते. गंजलेली टाचणी ओढली तर कागद फाटतो. कागद सपाट ठेवून हळूहळू सोडवा. काचेला चिकटलेला फोटो सोलूच नका, फ्रेमसकट द्या. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. बॉलपेनचा वळ पुढून दिसतो.

यादी दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या. वस्तू कायमची दिली की प्रदर्शनापुरती, हे तिच्यातच लिहून घ्या. वाद होतात ते इथेच.