डिक्री मिळाली, पण तो म्हणतो माझ्या नावावर काहीच नाही

प्रश्न: सर, ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरला धंद्यासाठी १८ लाख दिलेले, बुडवले. सिटी सिव्हिल कोर्टात केस केली, गेल्या वर्षी डिक्री (पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूम) पण मिळाली. आता तो हात वर करतोय. केस चालू असतानाच बोरिवलीचा फ्लॅट बायकोच्या नावावर केलाय, आणि सिंधुदुर्गात जमीन आहे असं ऐकलंय. एक डिटेक्टिव्ह म्हणतो ५० हजार द्या, त्याची बँक खाती, बॅलन्स, कॉल रेकॉर्ड सगळं काढून देतो. देऊ का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: अजिबात देऊ नका. बँकेतला किंवा मोबाईल कंपनीतला माणूस फोडूनच ही माहिती निघते, तो सरळ गुन्हा आहे. २०१८ ला ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड विकणाऱ्या डिटेक्टिव्हना पकडलं होतं, आठवत असेल. ५० हजार जातील आणि वर चौकशीत तुमचंही नाव येईल.

त्यापेक्षा वकिलांना सांगा, दरखास्त (डिक्रीची अंमलबजावणी मागणारा अर्ज) दाखल करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल ४१ चा अर्ज लावा. कोर्ट त्याला सगळ्या मालमत्तेचं अॅफिडेव्हिट द्यायला लावतं, आणि ऑर्डर होऊनही दिलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत सिव्हिल जेल आहे. बरेच वकील हा अर्ज का टाळतात देव जाणे, डायरेक्ट बेलिफ (जप्तीला जाणारा कोर्टाचा माणूस) पाठवतात आणि बेलिफ दाराला कुलूप बघून परत येतो! अॅफिडेव्हिटवर खोटं लिहिलं तर तो अजून अडकतो, म्हणून ते येईपर्यंत त्याचं खोटं पकडायला तुमचे कागद गोळा करून ठेवा.

फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) आधी काढा, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, नाही जमलं तर सब-रजिस्ट्रार ऑफिसजवळ सर्च करून देणारे असतात. त्यात बक्षीसपत्र निघालं तर तुमच्या फायद्याचं आहे. नवऱ्याने बायकोला राहता फ्लॅट बक्षीस दिला तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये, सेस वगैरे वेगळा, म्हणून असले लोक हाच रस्ता धरतात. पण ज्याचं देणं आहे त्याला बुडवायला केलेली ट्रान्सफर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकते, आणि कलमातलं संरक्षण आहे ते चांगल्या हेतूने, मोबदला देऊन घेणाऱ्याला, बायकोने तर एक रुपया दिलेला नाही. फ्लॅटवर जप्ती मागा, बायको हरकत घेईल, घेऊ दे, ती हरकत ऑर्डर २१ च्याच रूल ५८ खाली त्याच कोर्टात ऐकली जाते. विक्री दाखवली असेल तर मात्र पैसे खरंच फिरले का ते बघावं लागेल, ते जरा किचकट आहे.

तो कुठल्या कंपनीत डायरेक्टर आहे का हे कंपनी खात्याच्या साइटवर दिसतं. एखादा बिल्डर त्याचं बिल देणं लागत असेल तर ते पैसेही कोर्ट थेट अडवू शकतं, ऑर्डर २१ मध्येच ती सोय आहे. पीएफला मात्र हात लागत नाही.

डिक्री बजावायला १२ वर्षं मिळतात, पण म्हणून बसून राहू नका, तो अजून काहीतरी हलवेल. गावचं नाव कळलं की महाभूलेख या सरकारी साइटवर नावावरून सातबारा शोधता येतो. जमिनीसाठी डिक्री तिकडच्या कोर्टात ट्रान्सफर करून घ्यावी लागेल, आणि सातबाऱ्यावर भावांची नावं असतील तर जप्ती फक्त त्याच्या हिश्श्यावर.